डावी बाजू रिकामी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! मी, बाबा, दोन बॅगा, चाकांची खुर्ची आणि बाबांच्या तक्रारी. ड्रायव्हरला ब्रेक दाबणं आणि सूड उगवणं यातला फरक कळत नाही, ही त्यातली सगळ्यात छोटी.

पण जागा बघून तेही गप्प झाले. लांबच्या लांब हॉल, लाकडी जमीन, एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा. मधोमध धरून चालायचे दोन दांडे. कोपऱ्यात चार पायऱ्यांचा खोटा जिना, वर चढून दुसऱ्या बाजूने उतरायचं, कुठेही न जाता. वॉकर ओळीने उभे, काठ्या भिंतीला टांगलेल्या, आणि जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळा पट्टा. मी आठ वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे, पण इतकी नेटकी जागा पाहिली नव्हती. आमची खोली हॉलला लागूनच आहे. दार उघडलं की थेट हॉल.

इथे फक्त डावी बाजू गेलेले पेशंट घेतात. उजवी जाते त्यांची बऱ्याचदा वाचाही जाते, त्याला वेगळी माणसं लागतात आणि ती इथे नाहीत, असं मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे इथल्या प्रमुख. भराभर चालतात, भराभर बोलतात, किल्ल्यांचा जुडगा सतत हातात. दुसऱ्या आमच्या मावशी, पेशंटना उठवणं-बसवणं बघतात, बावीस वर्षं इथेच. त्यांनी बाबांना बघितल्या बघितल्या विचारलं की हे एवढं बोलतात कसे. बाबा खूश.

पगार आधीपेक्षा कमी आहे. पण बाबांची खाट आणि उपचार फुकट, म्हणून तर आले. ऑक्टोबरात बाबांना झटका आला, डावा हात आणि डावा पाय गेले. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. वाचा शाबूत आहे, जरा जास्तच शाबूत आहे. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अठ्ठेचाळीस पायऱ्या. बाबांना उचलताना वहिनीची पाठ गेली. दादा वाईट नाही, थकलाय. त्याने सरळ सांगितलं की महिनाअखेरपर्यंत बाबा काठीने, कुणाला धरून का होईना, जिना चढले तर घरी. नाहीतर कायमच्या परावलंबी लोकांसाठीचं एक ठिकाण त्याने बघून ठेवलंय. फॉर्मसुद्धा भरलाय. २८ तारखेला येणार.

ते ऐकल्यावर बाबा अख्खा एक दिवस काही बोलले नव्हते. आई गेली तेव्हाही इतके गप्प नव्हते. म्हणून सांगते, बाबा चढणार. मी चढवणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बाबांची काठी मापून घेतली. हात सरळ खाली सोडायचा, मनगटाच्या वळीपर्यंत काठीची उंची. मी टेप लावला तर बाबांनी उजव्या हाताने तो काढूनच घेतला. म्हणाले, गिऱ्हाईक बूट घालून उभं आहे की अनवाणी हे आधी विचारावं, कुणी शिकवलं तुला. बरोबर होतं त्यांचं. पाऊण इंच कमी पडला असता. मी मान खाली घालून परत मापलं आणि मावशी तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

काठी चांगल्या हातात, आम्ही धरायचा पट्टा त्यांच्या कमरेला, आणि मी डाव्या बाजूला. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा: दुबळी बाजू कधी रिकामी सोडायची नाही. माणूस पडतो तो तिकडेच. मी चार फूट अकरा इंच, बाबांच्या काखेखाली नेमकी बसते. बुटके, तुझा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला, असं त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं जाहीर केलं. लहानपणापासून मी बुटकी. लग्नाच्या वयात आल्यावर तरी सोडतील असं वाटलं होतं, ते वयही गेलं.

मग तपासणी. डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि विचारायचं, हा कुणाचा? वेडगळ प्रश्न वाटतो, पण मेंदूची उजवी बाजू दुखावली की काही जणांच्या हिशेबातून डावी बाजूच पुसली जाते. ताटातलं अर्धंच जेवतात, अर्धीच दाढी करतात आणि हात दाखवला तर माझा नाही म्हणतात. भांडतात वर. फॉर्मवर त्यासाठी चौकट आहे: डावी बाजू नाकारतो, हो किंवा नाही. इथे एक भूगोलाचे मास्तर आहेत, बरेचसे चालायला लागलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, शेजाऱ्यांचा आहे, चुकून माझ्याकडे राहिलाय. मी 'हो'वर खूण केली.

बाबांना विचारलं. ते चिडलेच. चाळीस वर्षं सुईखाली कापड धरलं या हाताने, माझा नाही तर काय तुझ्या सासऱ्याचा? 'नाही'वर खूण. चांगलं लक्षण आहे. ज्यांना आपली बाजू आपली वाटते, ते लवकर सुधारतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इथली एक पद्धत मला पटली नाही आणि मी ती न पटल्याचं लपवलंही नाही. मला लपवता येत नाही, तोच माझा प्रॉब्लेम.

रोज जेवणाआधी, साडेबाराला, शेवटची फेरी असते. तिला रिकामी फेरी म्हणतात. पेशंटने पिवळ्या पट्ट्यावरून एकट्याने चालायचं. आपण दुसऱ्या टोकाला, त्याच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. काही झालं तरी डावीकडे जायचं नाही. मी म्हटलं, अहो, पडेल ना माणूस. मोठ्या बाई म्हणाल्या की पेशंटला आपल्या खांद्याची सवय लागते, शरीराला स्वतःचा तोल शोधू द्यावा लागतो, आणि अकरा वर्षांत एकही पडलेला नाही. अकरा वर्षांपुढे तीन दिवसांची नोकरी काय बोलणार?

मग मास्तरांची फेरी पाहिली. ते खरंच पडले नाहीत. पण मला ते बरं वाटलं नाही. निम्म्या वाटेवर त्यांचं धड डावीकडे कललं. कलतात, त्यात नवल नाही. पण मी शेकडो माणसं पडताना पाहिली आहेत, कुठल्या कोनानंतर माणूस सावरू शकत नाही हे माझ्या अंगाला कळतं. मास्तर त्या कोनाच्या पलीकडे गेले. माझे हात आपोआप पुढे झाले. आणि ते तसेच, कललेलेच, चालत राहिले. भिंतीला टेकून चालावं तसे. तिकडे भिंत नाही.

मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाबांची पहिली रिकामी फेरी. चौदा पावलं! चौदा! आठवडाभर मी काखेखाली राहून दोन-चार पावलांवर नाकी नऊ येत होते, आणि आज एकट्याने चौदा. मला आकाश ठेंगणं झालं. मी पलीकडच्या टोकाला उभी राहून अशी रडले की मावशींनी मला खुर्ची आणून दिली, पेशंट सोडून.

दादाला फोन केला. त्याला आधी खोटंच वाटलं. मग त्याचा आवाज बदलला. वहिनीला हाका मारून सांगत होता.

जेवताना बाबा म्हणाले की आज तू मस्त धरलंस, खांदा जरा गार होता तुझा, पण घट्ट. मी म्हटलं, मी कुठे होते, मी तर समोर होते वीस फुटांवर. ते म्हणाले, हो का. आणि जेवायला लागले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मास्तर घरी गेले. बायको न्यायला आली होती, बिचारी सारखी डोळे पुसत होती. सगळ्यांना थँक्यू, मलाही, मी काय केलं होतं!

जाण्याआधीची तपासणी मी केली. डावा पाय छान उचलतात. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावली, काढली, परत लावली. हा हात कुणाचा, विचारलं. माझा नाही, म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, आत्ता बटणं लावलीत ना यानेच. ते हळूच म्हणाले, त्याने लावली. या खेपेला शेजाऱ्यांचा विनोद नव्हता. माझ्याकडे असं बघत होते जसं काही मी अजून एक प्रश्न विचारावा.

मी 'हो'वर खूण केली. काय करणार, चौकट तीच आहे. पण इतका चालू झालेला हात आणि तरी आपला वाटत नाही, असं मी पाहिलं नव्हतं. हात परत आला की ओळखही परत येते, नेहमी. विचारायचं होतं मोठ्या बाईंना, राहून गेलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी पट्टा पूर्ण केला. पूर्ण! काठी नुसती नावाला.

एक गोष्ट लिहून ठेवते. ते कलतात. मास्तरांसारखेच. आणि डाव्या पायाचा आवाज उजव्यासारखा नाही. बाबांचं वजन किती आहे ते मला माहीत आहे, खुर्चीतून मीच उचलते. उजवा पाय टेकतो तेव्हा लाकूड वाजतं. डावा टेकतो तेव्हा जास्त वाजतं. दोन माणसांचं वजन पडल्यासारखं.

माझंच डोकं फिरलंय. आनंद पचत नाही मला, आई नेहमी म्हणायची.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जिना.

आम्ही सगळ्यांना हेच शिकवतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. याला पर्याय नाही. दुबळा पाय वर ठेवून अख्खं शरीर उचलता येत नाही, तो दुमडतोच. लहान मुलालाही कळेल.

बाबांनी डावा पाय आधी टाकला. मी ओरडले, बाबा, उजवा, उजवा! पाय वर गेला आणि त्याने त्यांना उचललं. एक पायरी, दोन, तीन, चार. काठी हवेत. वर पोचल्यावर मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या मनात होतं की हसत असतील.

उजवा डोळा पाण्याने भरला होता. म्हणाले, बुटके, मी नाही चढलो.

मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. तुमचे दादा खूश होतील, म्हणाल्या. आणि मीही टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण वाजवल्या. मला तो जिना हवा होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांच्या बायकोचा फोन. मोठ्या बाई बाहेर होत्या म्हणून मी घेतला. मास्तर थांबतच नाहीत, म्हणाली. भर दुपारी खुर्चीतून उठतात आणि घरभर चालतात, आधी डावा पाय, मग उजवा मागून ओढत. उजव्या हाताने दाराची चौकट धरतात, टेबल धरतात, तिलाही धरलं, दंडावर वळ उठलेत. थांबव मला म्हणतात. आणि डावा हात एकेक बोट सोडवतो.

काल ते रस्त्यावर गेले. शेजारच्यांनी आणून सोडलं.

मी म्हटलं डॉक्टरांना दाखवा. दुसरं काय म्हणणार होते? ती विचारत होती, आमच्या ह्यांच्यात कोण आहे हो. मी फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबांचा डावा हात समोर धरला. गार होता. विचारलं, हा कुणाचा.

ते किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, माझा नाही.

मी म्हटलं बाबा चेष्टा नको. ते म्हणाले, माझ्या हाताला अंगठ्यापाशी सुई घुसल्याचा व्रण आहे, तो याला पण आहे, पण हा माझा नाही. आत कोणीतरी आहे. मी तिकडे गेलो की मला ढकलतो.

पेन माझ्या हातात होतं. चौकट समोर होती. मी खूण केली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी सगळे आडवे झाल्यावर कपाट उघडलं. अकरा वर्षांचे फॉर्म. सगळे नाही पाहिले, साठ-सत्तर पाहिले असतील. येतानाची तपासणी आणि जातानाची. येताना काहींचं 'हो', बऱ्याच जणांचं 'नाही'. जाताना प्रत्येकाचं 'हो'. एकूण एक. चालत घरी गेलेल्या प्रत्येक माणसाने आमच्या तोंडावर सांगितलं होतं की ही बाजू माझी नाही, आणि आम्ही शिकलेल्या लोकांनी लक्षण म्हणून नोंद करून घेतली. त्यात एक खूण माझी.

मावशींना गाठलं. त्या आधी टाळत होत्या. मग सांगितलं. पूर्वी इथेही डावी बाजू रिकामी सोडत नसत. पेशंट हळूहळू सुधारत, काही सुधारत नसत. ही फेरी सुरू झाली आणि सगळेच चालायला लागले. कोण येतं ते मावशींना ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की जागा रिकामी दिसली की येतं, आधी बाजूला उभं राहतं, मग आत. मेलेल्या हातापायात अडवायला कुणी नसतं ना, ताई, असं म्हणाल्या. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. तर म्हणाल्या, माणसं चालत घरी जात होती, कोण ऐकणार होतं? तुम्ही ऐकलं असतं का, पहिल्या दिवशी?

नसतं ऐकलं.

आणि एक सांगितलं. माझ्याआधी इथे एक बाई होती, थेरपिस्टच. तिच्याने राहवलं नाही, एकदा फेरीच्या मध्येच पेशंट पडतोय असं वाटून त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. पेशंट तिथल्या तिथे कोसळला, हातपाय पुन्हा लुळे. पण हसत होता, म्हणे. माझा हात आला, माझा हात आला, म्हणून रडत होता. ती बाई त्याच दिवशी निघून गेली. फाटकापर्यंत मावशींनी बघितलं. आधी डावा पाय, मग उजवा, ओढत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंशी भांडले. त्या म्हणाल्या हे सगळं लक्षण आहे आणि वडिलांमुळे माझा तोल गेलाय. फेरी बंद करा म्हटलं. त्यांनी विचारलं की अठ्ठावीस तारखेला तुमच्या भावाला काय दाखवणार.

त्यांना बरोबर ठाऊक होतं कुठे दाबायचं.

तरी आज बाबांना फेरीला पाठवलं नाही. खोलीत ठेवलं. साडेबाराला बाबा खाटेवरून उठले. म्हणजे उठवले गेले. माझ्या खांद्यावरून हॉलकडे बघत होते. मी दारात आडवी उभी. डाव्या हाताने मला बाजूला केलं. सहज, खुर्ची सरकवावी तसं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबा हसतात. तोंडाची डावी बाजू. चार महिने ती लोंबत होती, आता वर गेली आहे आणि खाली येत नाही. उजवी बाजू माझ्याशी बोलते.

अर्धं तोंड हसतं आणि अर्धं रडतं. मी बाबांच्या डावीकडे जात नाही. स्वतःच्या बापाच्या एका बाजूला जायला मी घाबरते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उजव्या हाताने बाबांनी माझी ओढणी पकडली. म्हणाले, मला परत लुळा कर.

मी म्हटलं, बाबा, मग घर नाही. तो फॉर्म. ते ठिकाण.

म्हणाले, चालेल. खाटेवर पडून राहीन, पण मी राहीन. हा आता छातीपर्यंत आलाय, बुटके. श्वास दोन येतात. काल तुझं नाव आठवत नव्हतं, त्याने आठवू दिलं नाही.

मग डाव्या हाताने ओढणी सोडवली. एकेक बोट.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला फोन केला. सांगितलं की बाबा पुन्हा पहिल्यासारखे होणार आहेत, चालणार नाहीत, जिना विसर. खूप रडले. म्हटलं तिकडे नको टाकूस रे त्यांना. तो म्हणाला, खड्ड्यात गेला जिना. मी पाठुंगळी मारून नेईन, अठ्ठेचाळीसच तर आहेत. तळमजल्यावर जागा बघतो. तू रडू नकोस आधी.

किती साधं होतं. आधीच विचारलं असतं तर.

उद्याच ये म्हटलं. तो परवा येतोय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

केलं.

साडेबारा. मावशींनी मोठ्या बाईंना ऑफिसात अडकवून ठेवलं. बाबा पट्ट्यावर, कललेले. आठ वर्षं दिवसातून पन्नास वेळा जे करते ते एक पाऊल, डावीकडे, काखेखाली. तिथे हवा नव्हती, काहीतरी होतं, गार, ओलसर, आणि ते सरकलं. मला जागा करून दिली.

मग बाबांचं सगळं वजन माझ्यावर आलं. लुळं, गरम. आम्ही दोघं खाली पडलो. बाबांनी उजव्या हाताने डावा हात उचलून छातीशी धरला आणि ओठ टेकवले त्याला. हा माझा, म्हणाले. हा मेला मढ्यासारखा, पण माझा. असा रडणारा आणि असा खूश माणूस मी पाहिला नाही.

मला काही झालेलं नाही. डाव्या हाताची बोटं फक्त बधिर आहेत. पडल्यामुळे असेल.

२६, संध्याकाळ

पडल्यामुळे नाही.

मावशींना सांगितलं, आमच्या खोलीत मी आता जाणार नाही, बाबांना तुम्हीच बघा. त्यांनी कारण विचारलं नाही. मी हॉलमधून त्यांच्या खोलीत आले तेव्हा त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

बाबा हाक मारतायत. बुटके, बुटके. किती बोलवतात. आणि मला जायचंय. मला नाही — डाव्या पायाला जायचंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

डाव्या हाताने वही धरली आहे. मी धरलेली नाही.

माझा हात धडधाकट होता. अडवायला मी होते आत. तरी आला.

त्याला मी नको आहे, कळलं. माझ्यात अडचण होते त्याला. बाबांची बाजू मोकळी आहे. तिकडे परत —

दादाला सांगायला हवं की मला बाबांजवळ येऊ देऊ नको. गाडीत नको, घरात नको. मला इथेच सोडून जा.

दहा वाजता

चिठ्ठी लिहिली दादासाठी. डाव्या हाताने चुरगळली. दुसरी लिहिली. तीही. तिसरी लपवायला तोंडात धरली होती — तोंड उघडलं त्याने — अर्धंच.

जीभ जड झाली आहे. बोललं तर कुणाला कळत नाही. मावशींना वाटलं मला झटका आला, मोठ्या बाईंना बोलवायला धावल्या.

उजव्या हाताने लिहिते आहे. एवढाच आहे आता माझा. वही दादाच्या हातात पडू दे.

पावणेअकरा

दादा आला. बाबांना उचलून गाडीत ठेवलंसुद्धा. लहान मुलासारखं. बाबा त्याला शिव्या देतायत की कॉलर चुरगळते. बाबांचा आवाज. पूर्ण बाबांचा.

जा ना रे लवकर —

दारात आलाय. घाम पुसतोय. म्हणतो वाटेत ते डावीकडे कलंडतील, बाजूला कुणीतरी बसायला हवं, कोण बसतं. मी नाही म्हणतेय. दादा नाही. नुसती हवा येतेय तोंडातून. वही पुढे करतेय, बघत नाहीये — हसला. म्हणतोय, बरं बाई, तूच बस, शाळेतल्यासारखा हात कशाला वर करतेस — मी नाही — डावा हात —